हरणाच्या मागावर निघताय? आधी बॅग उघडा!

रात्रीचे साडेअकरा. उद्या सबमिशन, फाइल अर्धी बाकी. तेवढ्यात ग्रुपवर मेसेज पडतो : ‘शनिवारी कोण कोण येतंय? गाडी आहे, मोठा टॉर्च आहे, मामाची बंदूक आहे. हरीण उठवू!’ खाली पटापट चार अंगठे, दोन आगीचे इमोजी. तुम्ही स्क्रीनकडे बघत बसता. जायचं तर असतं. जंगल, रात्र, दोस्त, जीप. नाही म्हटलं तर ‘घाबरला रे’ ऐकावं लागणार. हो म्हटलं तर काय होतं, ते मात्र त्या ग्रुपवर कुणी लिहिलेलं नसतं.

सातारा-सांगलीत वाढलेल्या बहुतेकांना हा मेसेज या ना त्या रूपात एकदा तरी येतो. कधी ग्रुपवर, कधी चहाच्या टपरीवर, कधी चुलतभावाच्या तोंडून. म्हणून आज पुरवणीत आपण हरणाच्या मागावर जायची बॅग भरणार आहोत. अगदी मोज्यांपासून दुर्बिणीपर्यंत. पण बॅग भरायच्या आधी तिच्यातून काही वस्तू बाहेर काढाव्या लागतील. पहिली वस्तू अर्थातच मामाची बंदूक.

गोळी न झाडताही ‘शिकार’

शिकारीला बंदी आहे हे सगळ्यांना माहीत असतं. पण शिकार म्हणजे नेमकं काय, हे फार थोड्यांना माहीत असतं. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचाच. मारणं तर आलंच. पण पकडणं, फास लावणं, पाठलाग करणं, हाकणं, आमिष टाकणं आणि यातलं काहीही करायचा नुसता प्रयत्न करणं, हे सगळं शिकारच. म्हणजे गोळी झाडली नाही, हरीण निसटलं, तरी ‘आम्ही काहीच केलं नाही साहेब’ हे वाक्य चालत नाही. जीपच्या उजेडात कळपामागे गाडी दामटली आणि मागे बसून कुणी रील काढलं, तर पुरावा तुम्हीच तयार करून ठेवला.

काळवीट आणि चौशिंगा कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार केली, किंवा अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात कुठल्याही वन्यप्राण्याची शिकार केली, तर शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. २०२२ च्या दुरुस्तीनंतर दंडही किमान पंचवीस हजार. गुन्ह्यात वापरलेली गाडी जप्त होते आणि सरकारजमा होऊ शकते. ती बाबांच्या नावावर असली आणि तिचे हप्ते अजून चालू असले तरीही.

आता हिशेब करा. आपल्याकडे प्रत्येक वर्गात निम्मी पोरं पोलीस भरतीची किंवा एमपीएससीची तयारी करतायत. पहाटे मैदानावर सोळाशे मीटर मारायचे, दिवसभर अभ्यासिकेत बसायचं आणि शेवटी चारित्र्य पडताळणीत एका शनिवारची रात्र आडवी यायची. परवडेल?

ग्रुपवर ‘नको रे’ एवढंच लिहिलं तर वाद होतो. त्यापेक्षा दुसरा प्लॅन टाका. ‘हरीण बघायला जाऊ, पण रीतसर. बॅगेची यादी मी देतो.’ ती यादी खाली आहे.

आधी ठरवा, जायचं कुठे

आपण सगळ्यांना सरसकट ‘हरीण’ म्हणतो, पण त्यात बरीच वेगवेगळी मंडळी आहेत. सांबर, चितळ आणि भेकर ही खरी हरणं. नरांची शिंगं दरवर्षी गळतात आणि पुन्हा येतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा ही कुरंग कुळातली. त्यांची शिंगं आयुष्यभराची. पिसोरी तर दोन्हींत बसत नाही. जेमतेम तीन किलोचा जीव, सशाएवढा, शिंगं नाहीतच. प्रत्येकाचं घर वेगळं, म्हणून बॅगही थोडी वेगळी.

पहिल्यांदाच जाणार असाल तर सागरेश्वर. सांगली जिल्ह्यात कडेगाव, वाळवा आणि पलूस या तालुक्यांच्या सांध्यावर, यशवंतराव चव्हाणांच्या जन्मगावाला, देवराष्ट्रेला लागून. जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटरचं हे अभयारण्य मुद्दाम उभं केलेलं आहे. उघड्याबोडक्या डोंगरावर झाडं लावली गेली, कुंपण घातलं गेलं, हरणं आणून सोडली गेली. यामागे वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी कित्येक वर्षं घातलेले कष्ट आहेत. चितळ, सांबर, काळवीट इथे दिसतात. सकाळी लवकर पोचा, दुपारपर्यंत परत. एसटीने जाता येतं, खर्च फार नाही.

दुसरा टप्पा कोयना अभयारण्य. तुमच्यापैकी अनेकांनी वासोटा केला असेल. बामणोलीहून लाँचने शिवसागर ओलांडायचा, वनखात्याच्या चौकीत नोंद करायची आणि चढाईला लागायचं. गडावर किंवा जंगलात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतायचं. या जंगलात भेकर आहे, सांबर आहे, गवा आहे, अस्वलही आहे. पण वीस जणांच्या घोळक्याने शिट्ट्या मारत गेलात, तर दिसणार फक्त पुढच्याची पाठ.

तिसरा टप्पा चांदोली. शिराळा तालुक्यात, वारणेच्या धरणामागचं राष्ट्रीय उद्यान. कोयना आणि चांदोली मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. सातारा, सांगली, कोल्हापूर, रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांत तो पसरलाय. वाघ म्हटलं की सगळे कॅमेरे वाघाकडे वळतात. पण एका वाघाला वर्षाला साधारण पन्नास मोठी जनावरं लागतात. सांबर नसेल, भेकर नसेल, तर वाघ कितीही आणून सोडा, तो टिकणार नाही. म्हणून हरणाला मारलेली प्रत्येक गोळी वाघाच्या ताटातला घास काढून घेते.

कपडे : जीन्सला सुट्टी

आता बॅग. सगळ्यांची पहिली चूक कपड्यांत होते. निळी जीन्स, पांढरा टीशर्ट, वर चकचकीत विंडचीटर. तुम्हाला वाटतं आपण साधेच कपडे घातलेत. हरणाच्या डोळ्यांना ती जाहिरात वाटते.

हरणाला आपल्यासारखे सगळे रंग दिसत नाहीत. लाल, केशरी आणि हिरवा यांत त्याचा गोंधळ होतो. निळा मात्र त्याला छान दिसतो. अमेरिकेत शिकारी भडक केशरी जाकीट घालतात ते याचसाठी. दुसऱ्या शिकाऱ्याला ते लांबून दिसतं, हरणाला मात्र ते झाडोऱ्यात मिसळल्यासारखं वाटतं. आपण उपयोगाचा भाग घेऊ : निळं आणि पांढरं घरी ठेवा. खाकी, मातकट, शेवाळी, तपकिरी चालेल. एनसीसीची जुनी पँट असेल तर सोनं. पण लष्करी ठिपक्यांचा ड्रेस टाळा. चौकीवर नसते प्रश्न सुरू होतात.

कापडाचा आवाजही तपासा. घरी कानाजवळ बाही घासून बघा. ‘खस्स’ असा आवाज आला तर तो कपडा बाद. सुती किंवा लोकरीचा कपडा गप्प बसतो, नायलॉन बडबडतं. वेल्क्रोचे खिसे तर नकोच. शांत जंगलात वेल्क्रो उघडला की फटाका फुटल्यासारखं होतं. बाह्या पूर्ण हव्यात. काटे, डास, गोचीड सगळ्यांसाठी. पँटचे पाय मोज्यात खोचा. फॅशनला दिसत नाही, पण गवतातून फिरून आल्यावर गोचीड मांडीपर्यंत चढत नाही. घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, कानामागे बघून घ्या, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना ‘जंगलात गेलो होतो’ हे आवर्जून सांगा.

डिओ, परफ्यूम, वासाचं तेल त्या दिवशी बंद. हरीण आधी नाकाने बघतं, मग डोळ्यांनी. म्हणून माझ्या बॅगेत एक फुकटची वस्तू असते : होमिओपॅथीच्या गोळ्यांची रिकामी बाटली आणि तिच्यात चुलीतली राख. चिमूटभर सोडायची, ती कुठे वाहते ते बघायचं. वारा आपल्याकडून हरणाकडे जात असेल तर कितीही दबकत जा, उपयोग नाही. वारा तोंडावर येईल अशी जागा धरायची. जुने शिकारीही हेच करायचे. त्यांची एवढी विद्या जरूर घ्या.

पाय : नवे बूट म्हणजे नवे फोड

ट्रिपसाठी आदल्या दिवशी कराडच्या किंवा सांगलीच्या बाजारातून नवे बूट आणू नका. आणायचेच असतील तर महिनाभर आधी आणा आणि कॉलेजला घालून जा. टाचेवर फोड आला की तुमची ट्रिप संपते, आणि तुमच्यामुळे चौघांची. मोजे दोन जोड, त्यातला एक कोरडा ठेवायचा. पावसाळ्यानंतर लगेच जाणार असाल तर जळवांसाठी घोट्याच्या वरपर्यंत येणारे घट्ट विणीचे मोजे घ्या. स्लीपर, सँडल फक्त बसमध्ये.

डोळे : मोबाइलचा झूम विसरा

मोबाइलवर तीस पट झूम करून काढलेलं सांबर म्हणजे तपकिरी ठिपका. एक बरी दुर्बीण त्यापेक्षा कितीतरी जास्त दाखवते. दुर्बिणीवर ८×४२ असं काहीतरी लिहिलेलं असतं. पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो; दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा. सव्वापाच आलं. एवढ्या मिलिमीटरचा प्रकाशाचा गोल तुमच्या डोळ्यात शिरतो. हरणं सकाळी आणि सांजवेळी बाहेर पडतात, तेव्हा प्रकाश कमी असतो. म्हणून हा आकडा चार-पाचच्या पुढे असलेला बरा. यात्रेत मिळणारी पन्नास पटवाली दुर्बीण घेऊ नका. हात जरा हलला की अख्खं जंगल नाचतं. चौघांत एक चांगली दुर्बीण वर्गणी काढून घ्या किंवा कुणाकडून मागून आणा.

टॉर्च लागतोच, पण रस्ता बघायला. प्राण्याच्या डोळ्यावर मारायला नव्हे. डोक्याला बांधायचा छोटा टॉर्च घ्या आणि त्यावर गॅदरिंगला वापरतात तो लाल जिलेटिन कागद दोन पदरी चिकटवा. लाल उजेडात तुमचे डोळेही अंधाराला सरावलेले राहतात.

पोट : भडंग परतीच्या बसमध्ये

सांगलीचं भडंग कितीही आवडत असलं तरी जंगलात नको. एकेक घास कुडुम कुडुम ऐकू जातो. वेफर्सचं पाकीट तर त्याहून वाईट. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, दशमी, गूळ-शेंगदाणे, शेंगदाण्याचे लाडू. आजीच्या हातचं सगळं चालतं. हे टिकतं, पोटाला आधार देतं, आवाज करत नाही आणि कचरा उरत नाही. कपड्यात गुंडाळा किंवा डब्यात भरा. डबा स्टीलचा असेल तर झाकणाखाली रुमाल घाला, नाहीतर ‘खण्ण’.

पाणी माणशी तीन लिटर, घरच्या बाटल्यांत. वाटेत भरून घेऊ, असं धरून चालू नका. मार्च ते मेमध्ये जो पाणवठा तुम्हाला दिसेल तो जनावरांसाठी आहे; तिथे हातपाय धुणंसुद्धा नको. ओआरएसची दोन पाकिटं बॅगेत टाका. ती नसतील तर एक लिटर पाण्यात सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. हे प्रमाण वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा. ऊन लागून कुणी आडवं झाल्यावर गुगल करायला रेंज नसते.

कचऱ्यासाठी वेगळी कापडी पिशवी. अभयारण्यात कचरा टाकणं हाही कायद्याने गुन्हा आहे, त्याच कलमात प्राण्याला त्रास देणंही बसतं.

औषधं आणि एक चिठ्ठी

बँडेज, अँटिसेप्टिक, चिकटपट्टी, तुमची नेहमीची औषधं. दम्याचा पंप कुणाला लागतो ते आधी विचारा. क्रेप बँडेज एक. साप चावला तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळून बांधायचं नाही. माणसाला शांत ठेवायचं, अंग शक्य तितकं हलवू द्यायचं नाही आणि थेट सरकारी दवाखाना गाठायचा. १०८ फिरवायचा. मांत्रिकाकडे घालवलेला अर्धा तास परत मिळत नाही.

आणि घरी एक चिठ्ठी. कुठे जातोय, कोण कोण आहे, कुठल्या चौकीतून आत जाणार, किती वाजता बाहेर येणार. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली तरी चालेल, पण आईला टाका. रूमवरच्या पार्टनरला टाकून उपयोग नाही, तो बारापर्यंत झोपलेला असतो.

आता बॅगेतून काय काढायचं

अभयारण्यात लेखी परवानगीशिवाय शस्त्र नेता येत नाही. ‘आमच्याकडे कुठे शस्त्र?’ असं म्हणाल, तर पुन्हा व्याख्या वाचा. कायद्याच्या भाषेत शस्त्र म्हणजे बंदूक तर आहेच. पण सुरी, गळ, जाळं, फास, धनुष्यबाण, स्फोटक, विष हेही शस्त्रच. प्राण्याला फसवून जवळ आणणारं साधनसुद्धा त्यात येतं. तेव्हा ऑनलाइन मागवलेला तो रॅम्बो चाकू, मासे धरायचा गळ, मित्राची एअरगन घरी. कांदा कापायचा असेल तर घरून कापून आणा. आणि ब्लूटूथ स्पीकरवर आवाज वाजवून जनावर बोलवायची आयडियाही घरी ठेवा.

काडेपेटी, लायटरही नको. मार्च-एप्रिलच्या वाळल्या गवतात एक थोटूक पडलं तर डोंगर रात्रभर जळतो. आणि मे-जूनमध्ये तिथे अंड्यांवर बसलेले पक्षी, गवतात दडवलेली पाडसं यांना पळायला जागा नसते.

माझी फसलेली रात्र

हे सगळं मी शहाणपणाने सांगतोय असं वाटत असेल, तर ही गोष्ट ऐका. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं ठरावीक लोकांना मचाणावर बसू देतं. ‘निसर्गानुभव’ म्हणतात त्याला. मी कॉलेजात होतो, कोयनेच्या बाजूला एका पाणवठ्यावर नंबर लागला. बरोबर एक वर्गमित्र आणि एक वनमजूर काका. आम्ही दोघांनी काय नेलं होतं? निळा विंडचीटर, वेफर्सची चार पाकिटं, पॉवर बँक आणि तिघांत मिळून एक लिटर पाणी. मे महिना म्हणून पांघरूण नाही. काकांकडे एक घोंगडी, एक दशमीचं गाठोडं आणि काठी.

रात्री नऊच्या सुमाराला वळीव आला. दहा मिनिटांत आम्ही भिजलो आणि मग सह्याद्रीचा वारा सुटला. दात वाजायला लागले. काकांनी न बोलता घोंगडी आमच्यावर टाकली. एकच्या सुमाराला ढग फाटले, चांदणं पडलं. आणि काकांनी माझ्या गुडघ्यावर बोट ठेवलं. पलीकडच्या झाडीतून एक सांबर येत होतं. एक पाऊल टाकायचं, थांबायचं. कान फिरवायचं. पुन्हा एक पाऊल. पाण्यापर्यंत यायला त्याला वीस मिनिटं लागली असतील. तहानलेलं होतं, तरी घाई नव्हती. घाई केलेली सांबरं म्हातारी होत नाहीत, असं काका नंतर म्हणाले.

त्याने मान खाली घातली आणि नेमकी माझ्या मित्राच्या विंडचीटरची चेन सरकली. झर्रर्र. सांबराने मान वर केली, पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि ‘ढाँक!’ असा आवाज दिला. तो आवाज दरीतून फिरून परत आला. मग कुठूनतरी भेकर भुंकायला लागलं, अगदी कुत्र्यासारखं. झाडी हलली आणि पाणवठा रिकामा. पहाटेपर्यंत तिथे काहीही आलं नाही.

काका रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘पोरा, आज ते तहानलेलं गेलं.’ शिकार न करताही आपण जनावराचं नुकसान करू शकतो, हे मला त्या वाक्याने शिकवलं. मे महिन्यात त्या डोंगरात दुसरं पाणी किती लांब असेल, हे त्या सांबराला माहीत होतं. आम्हाला नव्हतं.

वही न्या, पुरावा आणा

शिकारी परत येताना काहीतरी घेऊन यायचा, मग आपण रिकाम्या हाताने यायचं का? नाही. वही घेऊन जा. तारीख, वेळ, जागा, हवा, कोणता प्राणी, किती, नर-मादी-पाडस, काय करत होते. पावलाचा ठसा दिसला तर शेजारी सहा इंची पट्टी ठेवून फोटो काढा. पट्टीशिवाय काढलेल्या फोटोत भेकर आणि सांबर सारखेच दिसतात. लेंड्या दिसल्या तर त्यांचाही. हसू नका, वनखात्याच्या अभ्यासात लेंड्या मोजणं हे अधिकृत काम आहे.

देशभरातली व्याघ्रगणना दर चार वर्षांनी होते. त्यात साधारण दोन किलोमीटरची एक सरळ रेषा आखून पहाटे तिच्यावरून चालतात. हरीण दिसलं की थांबायचं, रेंजफाइंडरने अंतर आणि होकायंत्राने दिशा घ्यायची, आकडा लिहायचा. त्यावरून जंगलात वाघाला खायला किती आहे, त्याचा अंदाज बांधतात. आज वहीत नीट नोंद करायची सवय लागली, तर उद्या अशा कामात स्वयंसेवक म्हणून तुमचा उपयोग होईल.

फोटो टाकताना एक पथ्य. मोबाइलचं लोकेशन बंद करा. ‘अमुक पाणवठ्यावर रोज सहाला सांबर येतं’ ही पोस्ट तुमच्या मित्रांसारखीच फास लावणाराही वाचतो.

गळलेलं शिंग सापडलं तर? फोटो काढा आणि तिथेच ठेवा. वन्यप्राण्याचं शिंग ही सरकारी मालमत्ता. होस्टेलच्या भिंतीवर लावलं तर गुन्हा. एकटं पाडस गवतात बसलेलं दिसलं तर? ते हरवलेलं नसतं. आईने त्याला लपवलेलं असतं आणि ती जवळच असते, तुम्ही जायची वाट बघत. ‘वाचवलं’ म्हणून उचलून आणलेलं पाडस बहुतेक वेळा मरतं. हात लावू नका, लगेच लांब व्हा. जखमी जनावर, फास किंवा शिकारीची चाहूल लागली तर १९२६ या वनखात्याच्या हेल्पलाइनवर सांगा.

‘पण पिकाचं काय?’

हा प्रश्न तुमच्यातला शेतकऱ्याचा मुलगा विचारणारच आणि त्याने विचारावा. जंगलाकडेच्या गावांत रात्रभर राखण करणाऱ्या माणसाला सांबराचं कौतुक सांगणं सोपं नाही. एका रात्रीत भुईमूग साफ होतो, ऊस आडवा होतो. हा राग खरा आहे. पण शनिवारी जीप घेऊन गेलेल्या पोरांनी त्या शेतकऱ्याचा एक रुपयाही भरून निघत नाही. वनखातं पीकनुकसानीची भरपाई देतं. अडतं ते अर्जात, मुदतीत आणि फोटोत. तुमच्या हातात मोबाइल आहे. गावातल्या एका काकांचा अर्ज वेळेत भरून द्या. त्या जंगलाला तुमच्याकडून मिळणारी सगळ्यात मोठी मदत कदाचित तीच असेल.

आटपाडी तालुक्यातल्या माडगूळचे व्यंकटेश माडगूळकर तरुणपणी शिकार करायचे. पुढे बंदूक सुटली आणि हातात वही, पेन्सिल आणि दुर्बीण आली. नागझिऱ्याच्या जंगलात ते नुसते बघत राहिले आणि त्यातून पुस्तक झालं. जंगलाची ओढ तीच होती, फक्त बॅग बदलली.

तर शनिवारच्या मेसेजला आता उत्तर द्या. ‘येतो. बंदूक नको, घोंगडी आण.’

चौकट : निघण्याआधी ही यादी बघा

• मातकट किंवा खाकी पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, घोंगडी किंवा स्वेटर (मे असला तरी)
• सरावलेले बूट, मोजे दोन जोड
• दुर्बीण, लाल कागद लावलेला टॉर्च, राखेची बाटली
• पाणी माणशी तीन लिटर, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, ओआरएस
• वही, पेन्सिल (पेन भिजतं), सहा इंची पट्टी
• प्रथमोपचार, नेहमीची औषधं, ओळखपत्र, प्रवेशाची पावती
• कचऱ्यासाठी कापडी पिशवी
• घरी : चाकू, गळ, एअरगन, स्पीकर, काडेपेटी, परफ्यूम, वेफर्स, निळी जीन्स
• फोन सायलेंट, लोकेशन बंद. १०८ आणि १९२६ वहीत लिहिलेले